सोळा स्टेप्सची लय : माझा पहिला सिंथेसायझर अल्बम

माझ्या पहिल्या अल्बममध्ये ८ रचना आहेत आणि त्या सलग ऐकायला ४१ मिनिटे लागतात. साधारण १९७७ ते १९८७ या काळात सिंथेसायझर आणि ड्रम मशीन यांच्या आधाराने जे नृत्यसंगीत घडले, त्याच्या वळणाचा हा अल्बम आहे. तो करताना एक प्रश्न माझ्यासमोर सतत होता: हे संगीत कानावर पडताच ते त्या काळाचे आहे असे आपल्याला कशावरून वाटते? बहुतेक जण याचे उत्तर आवाजाचा पोत असे देतील. जाडसर, किंचित हेलकावणारे स्वरसमूह, काचेसारखी टणक किणकिण, मध्येच कापल्यासारखा संपणारा स्नेअर ड्रमचा ठोका या त्या काळाच्या खुणा आहेतच. तरीही काम पुढे गेले तसे माझे मत असे होत गेले की या संगीताचे जुनेपण पोतापेक्षा वेळेच्या हिशेबात अधिक आहे. कोणता स्वर किती मिलिसेकंद उशिरा येतो, प्रतिध्वनी ठेक्याच्या कोणत्या भागावर पडतो, आवाजाची चमक कमी-जास्त करणारा फिल्टर उघडायला किती आवर्तने लागतात, यांवर ते ठरते. पुढील लेखन मुख्यतः या शोधाविषयी आहे. प्रकाशनाच्या कामकाजाचा भाग मी थोडक्यात सांगणार आहे.

आवाज मिळवणे आज अवघड राहिलेले नाही. त्या काळातील जवळपास प्रत्येक नामांकित यंत्राची सॉफ्टवेअर प्रतिकृती मिळते आणि तिच्यासोबत तयार आवाजांचा मोठा साठाही येतो. मी आरंभीच साधनांची यादी आखून घेतली आणि शेवटपर्यंत तिच्याबाहेर गेले नाही. एका वेळी सहा स्वर वाजवू शकणारा १९८०च्या दशकाच्या मध्यावरचा एक जुना सिंथेसायझर, स्वतःचा सोळा स्टेप्सचा सिक्वेन्सर (स्वरांची मालिका पायरीपायरीने आपोआप वाजवणारा भाग) असलेला एका ऑसिलेटरचा (मूळ स्वर निर्माण करणाऱ्या भागाचा) बेस सिंथेसायझर, टीआर-८०८ या जुन्या यंत्राच्या धर्तीवर नव्याने बनवलेले एक ॲनालॉग ड्रम मशीन आणि एफएम पद्धतीच्या, म्हणजे एका तरंगाने दुसऱ्याची वारंवारता हलवून घडवलेल्या, आवाजांसाठी एक सॉफ्टवेअर, एवढीच ती यादी होती. आठही रचना एकाच हातच्या वाटाव्यात ही माझी पहिली अट होती आणि ती पूर्ण करण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

या यंत्रांचा इतिहास जाणून घेणे मला कामासाठी आवश्यक वाटले, कारण त्यांच्या घडणीत त्यांचे संगीत बरेचसे आधीच ठरलेले असते. रोलँडचे टीआर-८०८ हे ड्रम मशीन १९८० साली बाजारात आले आणि १९८३ साली त्याचे उत्पादन थांबले. त्यातील प्रत्येक आवाज विद्युत मंडलांतून घडवलेला होता, त्यामुळे ते खऱ्या ड्रमसारखे वाजत नसे. त्याच कंपनीचे टीबी-३०३ हे छोटे यंत्र एकट्याने सराव करणाऱ्या वादकाला बेस गिटारची साथ मिळावी म्हणून बनवले गेले होते. तेही १९८४ पर्यंत बंद झाले. पुढे ही दोन्ही यंत्रे जुन्या बाजारात कमी किमतीला मिळू लागली, तरुण संगीतकारांच्या हाती गेली आणि मूळ हेतू बाजूला सारून वापरली गेली. शिकागोच्या फ्यूचर या गटाने १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या रचनेत टीबी-३०३ची बेसलाइन चालू ठेवून तिच्या फिल्टरच्या कळी सतत फिरवल्या आणि त्यातून ॲसिड हाऊस ही शैली उभी राहिली. त्याच्याही पाच वर्षे आधी, १९८२ साली, हिंदी चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर अशी तीन यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले होते. २०१० साली ते ध्वनिमुद्रण नव्याने प्रसिद्ध झाले तेव्हा जगभरच्या श्रोत्यांना त्याचे नवल वाटले. मला त्यात सर्वांत महत्त्वाची वाटली ती बेस सिंथेसायझरची स्लाइड. एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकण्यासाठी टीबी-३०३ला लागणारा वेळ स्वरांतील अंतर कितीही असले तरी जवळपास सारखाच असतो, म्हणून छोटी स्लाइड आळसावलेली आणि मोठी स्लाइड झेपावणारी वाटते. मींडेची सवय असलेल्या कानाला हा फरक लगेच कळतो. अल्बममधील तिसऱ्या रचनेची बेसलाइन मी केवळ या एका गुणावर बांधली आहे.

वेळेचा प्रश्न खऱ्या अर्थाने समोर आला तो एका तुलनेमुळे. एकच बेसलाइन मी दोन प्रकारे ध्वनिमुद्रित केली. पहिल्या प्रकारात संगणक मिडी या वाद्ये जोडणाऱ्या संदेशपद्धतीद्वारे सिंथेसायझरला स्वर पाठवत होता. दुसऱ्या प्रकारात सिंथेसायझरचा स्वतःचा सिक्वेन्सर चालत होता आणि संगणक त्याला केवळ घड्याळाचे ठोके पुरवत होता. स्वर तेच, फिल्टर तोच, वेगही तोच. तरीही दुसरे ध्वनिमुद्रण ऐकताना पाय आपोआप हलू लागत होता आणि पहिल्यात ती ओढ नव्हती. दोन्ही तरंगाकृती एकाखाली एक ठेवून पाहिल्या तेव्हा स्वरांच्या सुरुवातीत काही मिलिसेकंदांचा फरक दिसला, आणि त्याहून मोठा फरक स्वरांच्या लांबीत होता. यंत्राचा सिक्वेन्सर प्रत्येक स्वर पायरीच्या मधोमध सोडून देत होता, आणि त्यामागून येणारी रिकामी जागा तितकीच नेटकी होती. माझ्या हाताने लिहिलेल्या स्वरांत ती शिस्त नव्हती. ॲक्सेंटच्या, म्हणजे एखाद्या स्वराला दिलेल्या जोराच्या, बाबतीतही तेच घडले: यंत्रात ॲक्सेंट दिला की स्वर नुसता मोठा होत नाही, त्याचा फिल्टरही अधिक उघडतो, आणि लागोपाठ ॲक्सेंट आले तर तो प्रत्येक वेळी थोडा अधिक वर चढतो. त्या दिवसापासून अल्बममधील प्रत्येक बेसलाइन मी यंत्रावरच लिहिली.

मिडीविषयी येथे थोडे सांगणे आवश्यक आहे. १९८३ साली ही पद्धत प्रत्यक्षात आली तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये प्रथमच परस्परांशी बोलू लागली, आणि डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी या वाद्यनिर्मात्यांना त्या कामासाठी २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. तिचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट इतका आहे. एका स्वराचा संदेश पाठवायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो आणि संदेश एकामागून एक जातात, त्यामुळे सहा स्वरांचा समूह कागदावर एकाच क्षणी लिहिलेला असला तरी प्रत्यक्षात चार ते सहा मिलिसेकंदांत पसरून वाजतो. एवढा पसारा कानाला उशीर म्हणून जाणवत नाही, परंतु स्वरसमूहाच्या सुरुवातीची धार किंचित बोथट होते. त्या काळच्या ध्वनिमुद्रणांतील मऊपणाचा काही भाग येथून आला आहे असे मी मानते. म्हणूनच सॉफ्टवेअरमध्ये वाजवलेले एफएमचे स्वरसमूहही मी हाताने तेवढेच पसरवले, खालचा स्वर आधी आणि वरचा शेवटी, आणि ते जुन्या सिंथेसायझरच्या शेजारी लगेच शोभू लागले.

ड्रम मशीनमधील स्विंग हा यापुढचा टप्पा होता. १२०च्या लयीत, म्हणजे मिनिटाला १२० मात्रा असताना, एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची आणि पाव मात्रा १२५ मिलिसेकंदांची असते. पाव मात्रांच्या प्रत्येक जोडीतील दुसरी मात्रा किंचित उशिरा वाजवली की ठेका झुलू लागतो. रॉजर लिन यांच्या १९८०च्या ड्रम मशीनमध्ये ही सोय होती आणि नृत्यसंगीताची चाल तिने कायमची बदलली. ५० टक्के म्हणजे सरळ ठेका, ६६ टक्के म्हणजे तिपटीचा झोका. मी बहुतेक रचनांत ५४ टक्क्यांवर थांबले. १२०च्या लयीत याचा अर्थ दर दुसरा ठोका दहा मिलिसेकंद उशिरा येतो एवढाच होतो, पण हाय-हॅटला (झांजांच्या जोडीच्या आवाजाला) हा उशीर दिला आणि बेसलाइन सरळ ठेवली तेव्हा दोघांमध्ये जो सूक्ष्म ताण निर्माण झाला, त्यावर दुसरी आणि सहावी रचना तरली आहे. सगळ्या वाद्यांना सारखाच स्विंग दिला तर हा ताण नाहीसा होतो. हे कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेले मी वाचले नाही. ऐकून ऐकूनच ते ठरवावे लागते.

प्रतिध्वनीची जागा या संगीतात ठेक्याच्या बरोबरीची आहे. १९७७ साली संगीतनिर्माते जॉर्जियो मोरोडर यांनी गायिका डोना समर यांच्यासाठी जे गाणे केले आणि ज्याच्यामुळे सिंथेसायझर नृत्यसंगीताच्या केंद्रस्थानी आला, त्यातील अखंड धावणाऱ्या बेसलाइनचे रहस्य प्रतिध्वनीत आहे. मूळ स्वर एका बाजूने येतो आणि त्याचीच किंचित उशिराची प्रत दुसऱ्या बाजूने, त्यामुळे वाजवलेल्या स्वरांच्या दुप्पट स्वर ऐकू येतात आणि बेसलाइन दोन्ही कानांमध्ये ये-जा करते. त्या गाण्यातील किक, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका, मात्र एका ड्रमवादकाने प्रत्यक्ष वाजवली होती. मी त्या युक्तीची नक्कल केली नाही, पण तिच्यामागचा विचार घेतला. पाचव्या रचनेत मुख्य धून फक्त चार स्वरांची आहे आणि तिला पाऊण मात्रेचा डिले लावला आहे, म्हणजे १२०च्या लयीत ३७५ मिलिसेकंदांचा. पाऊण मात्रेचा प्रतिध्वनी समेवर क्वचित येतो. तो मात्रांच्या मधल्या रिकाम्या जागा भरत जातो आणि चार स्वरांतून अशी जाळी विणतो की ऐकणाऱ्याला ती सोळा स्वरांची रचना वाटते. डिलेच्या प्रत्येक फेरीत वरच्या पट्टीतील चमक थोडी कमी होईल अशी योजना केली, कारण टेपवरील जुन्या डिलेत तसेच घडत असे, आणि त्यामुळे जुने प्रतिध्वनी नव्या स्वरांच्या वाटेत येत नाहीत.

स्नेअरचा रिव्हर्बही, म्हणजे त्याच्या मागे रेंगाळणारा घुमारा, असाच मोजून घेतला. १९८०च्या दशकातील तो मोठा, अचानक थांबणारा स्नेअर म्हणजे भरपूर रिव्हर्ब देऊन तो गेटने (आवाज मध्येच कापणाऱ्या साधनाने) बंद करणे होय. ११८च्या लयीतील पहिल्या रचनेत मी तो अर्ध्या मात्रेवर, म्हणजे सुमारे २५४ मिलिसेकंदांवर बंद केला. थोडा आधी बंद केला तर स्नेअर कोरडा वाटतो आणि थोडा उशिरा केला तर पुढच्या हाय-हॅटवर चढतो. तो नेमका थांबला की मागे उरणारी शांतताही ठेक्याचाच भाग होते.

याच्या उलट बाजूचे काम कोरसचे. जुन्या सिंथेसायझरमधील कोरस मूळ स्वराची काही मिलिसेकंद उशिराची प्रत करतो आणि तो उशीर सतत थोडा कमी-जास्त करत राहतो. माझ्या यंत्रात ही एक फेरी पूर्ण व्हायला साधारण दोन सेकंद लागतात. १२०च्या लयीत चार मात्रांचे आवर्तनही दोन सेकंदांचे असते. दोन्ही गती इतक्या जवळच्या आहेत, पण एकमेकींना बांधलेल्या नाहीत, त्यामुळे प्रत्येक आवर्तनात स्वरसमूहाचा हेलकावा किंचित वेगळ्या जागी येतो. त्याच त्या चार स्वरसमूहांचे आवर्तन बत्तीस वेळा ऐकूनही कंटाळा येत नाही याचे कारण मला येथे सापडले. दोन ऑसिलेटर एकमेकांपासून थोडे हटवून लावले तरी हेच घडते: ११० आणि ११०.५ हर्ट्झचे दोन स्वर एकत्र वाजले की दर दोन सेकंदांनी एक हेलकावा येतो. सॉफ्टवेअरमध्ये कोरस लयीला बांधण्याची सोय असते. मी ती एकदाही वापरली नाही, आणि मला वाटते की या शैलीत काम करणाऱ्या कोणीही ती वापरू नये. जे बांधायचे ते घट्ट बांधावे आणि जे सुटे ठेवायचे ते पूर्ण सुटे ठेवावे.

ॲनालॉग ऑसिलेटरचा सूर तापमानाबरोबर हलतो, म्हणून बेस सिंथेसायझर ध्वनिमुद्रणाआधी अर्धा तास तरी चालू ठेवावा लागे आणि नंतर सुरात लावावा लागे. रचनेच्या अखेरीस तो दोन-तीन सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) हलला तर मी तसाच राहू दिला. त्याहून अधिक हलला तर पुन्हा ध्वनिमुद्रण केले. सहा स्वरांच्या सिंथेसायझरमध्ये ऑसिलेटरवर डिजिटल घड्याळाचे नियंत्रण असल्याने हा प्रश्न नव्हता. दोन्ही एकत्र वाजतात तेव्हा एक अढळ आणि एक किंचित जिवंत अशी जोडी जमते.

फिल्टरच्या हालचाली मी माउसने रेखाटल्या नाहीत. मिडीचा साधा नियंत्रण संदेश ० ते १२७ अशा १२८ टप्प्यांत चालतो, आणि फिल्टरचा रेझोनन्स (त्याच्या कडेच्या पट्टीचा उठाव) वाढवलेला असताना हळूहळू उघडणाऱ्या आवाजात हे टप्पे ऐकू येतात. यंत्रावरची कळ हाताने फिरवली तर ती अखंड असते. परंतु माझे मुख्य कारण वेगळे होते. सात मिनिटांची रचना संपूर्ण चालू ठेवून तिच्यावर एका हाताने फिल्टर आणि दुसऱ्या हाताने डिले सांभाळत गेले की हाताला वाट पाहावी लागते. पडद्यावर रेषा काढताना आपण आठ आवर्तनांचा चढ दोन सेकंदांत काढून मोकळे होतो, आणि तो किती वेळ चालणार आहे याची जाणीव शरीराला होत नाही. हात प्रत्यक्ष त्या कळीवर असला की कोणत्या क्षणी आणखी चढणे नको, हे नाचणाऱ्यालाही ज्या क्षणी कळते त्याच क्षणी आपल्याला कळते. चौथ्या रचनेतील मधला चढ अशा एका सलग फेरीतून आला आहे. त्यात एके ठिकाणी मी कळ अर्ध्यावर थांबवली आणि सोळा मात्रा तशीच धरून ठेवली. ते थांबणे आधी योजलेले नव्हते, आणि रचनेचा सर्वांत प्रभावी भाग तोच झाला.

किक आणि बेस यांच्यावर जितका वेळ गेला तितका इतर कशावरही गेला नाही. टीआर-८०८ जातीच्या किकचा मूळ सूर ५० हर्ट्झच्या आसपास असतो आणि तो लांबवता येतो, म्हणजेच किक हाही एक स्वर आहे आणि तो रचनेच्या स्वरात असायला हवा. खालचा ए ५५ हर्ट्झचा, जी ४९ हर्ट्झचा, एफ सुमारे ४४ हर्ट्झचा. बहुसंख्य नृत्यगृहांतील ध्वनिक्षेपक ४० हर्ट्झच्या खाली लवकर दुबळे होतात, म्हणून मी आठपैकी पाच रचना एफ, जी किंवा ए या स्वरांवर बांधल्या आणि किक त्या त्या स्वराला किंवा त्याच्या पंचमाला लावली. ज्या रचनेत किकची शेपटी लांब आहे तेथे बेसलाइन समेवर गप्प राहते आणि पाव मात्रा उलटल्यावर प्रवेश करते. ज्या रचनेत दोघांना एकत्र यावेच लागले तेथे किक वाजताच बेस खाली दाबणारा साइडचेन कॉम्प्रेसर वापरला आणि बेसचा आवाज परत वर येण्याचा काळ पुढच्या अर्ध्या मात्रेआधी पूर्ण होईल असा ठेवला. आजच्या नृत्यसंगीतात साइडचेनचा उसासा मुद्दाम ऐकू येईल इतका वाढवतात. मी शोधत असलेल्या काळात तो नव्हता, म्हणून माझ्या अल्बममध्ये तो जाणवू नये याची काळजी घेतली.

लहान खोलीत बसून खर्जाचा निवाडा करणे कठीण असते, हे सांगितलेच पाहिजे. ५० हर्ट्झच्या ध्वनितरंगाची लांबी जवळजवळ सात मीटर असते. खोलीच्या भिंतींत तो आदळून परततो आणि काही जागी दुप्पट, तर काही जागी नाहीसा होतो. खुर्ची हातभर मागे सरकवली की किकचे वजन बदलत होते. मी चांगल्या हेडफोनवर, छोट्या एकाच स्पीकरवर आणि शक्य झाले तेव्हा मोठ्या ध्वनियंत्रणेवर ऐकून निर्णय घेतले. छोट्या स्पीकरवर ४४ हर्ट्झचा स्वर वाजतच नाही, पण त्यावर हलके सॅच्युरेशन (सौम्य ध्वनिविकृती) दिले की ८८ आणि १३२ हर्ट्झवर त्याचे वरचे अंश उमटतात आणि कान मूळ स्वर स्वतःच पूर्ण करतो. टेपच्या काळातील ध्वनिमुद्रणांत हे सॅच्युरेशन माध्यमाकडूनच मिळत असे.

अल्बममधील दोन रचनांत मानवी आवाज आहे. एकीत गायिकेने धून सरळ गायली आहे. दुसरीत तोच आवाज व्होकोडरमधून गेला आहे. व्होकोडर आवाजाला ठरावीक पट्ट्यांत विभागतो आणि प्रत्येक पट्ट्याची चढउतार सिंथेसायझरच्या स्वरावर चढवतो. पट्टे कमी असतील तर स्वर स्पष्ट राहतात, पण स, श, च, ट यांसारखी व्यंजने विरून जातात आणि शब्द कळेनासे होतात. यावर जुना उपाय असा की मूळ आवाजातील केवळ वरची पट्टी, साधारण ५ किलोहर्ट्झच्या पुढची, वेगळी काढून थोडी मिसळायची. शब्द परत आले. गायिकेशी तालमीआधीच लेखी करार केला होता, ज्यात रचनेतील आणि ध्वनिमुद्रणातील वाटा वेगवेगळा नोंदवला आहे, कारण कायद्यात हे दोन स्वतंत्र हक्क आहेत. मी कोणत्याही जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा वापरला नाही, त्यामुळे परवानग्यांचा प्रश्न आला नाही.

रचना तयार झाल्यावर त्यांचा अल्बम करणे हे वेगळेच काम निघाले. नृत्यसंगीताची रचना प्रामुख्याने डीजेसाठी असते. तिच्या सुरुवातीला आणि अखेरीस बत्तीस आवर्तने केवळ ठेका असतो, म्हणजे एका गाण्यातून दुसऱ्यात जाता येते. १२०च्या लयीत ती ६४ सेकंदे होतात. घरी बसून सलग ऐकणाऱ्याला प्रत्येक गाण्याआधी असा मिनिटभर ठेका ऐकवणे योग्य नाही. माझ्याजवळ आठापेक्षा बऱ्याच अधिक रचना होत्या आणि त्यांतील काही एकट्याने ऐकल्यास अल्बममधील रचनांहून सरस आहेत. तरी त्या बाहेर राहिल्या, कारण त्यांची लय १२८च्या पुढे होती आणि शेजारच्या रचना त्यांच्यामुळे मंद वाटू लागत. निवडलेल्या आठ रचना ११६ ते १२४ या पट्ट्यात आहेत. क्रम लावताना मी लयीबरोबर आधारस्वराचा विचार केला: एका रचनेचा अखेरचा स्वरसमूह पुढच्या रचनेच्या आधारस्वराकडे नेईल अशी साखळी पहिल्या पाच रचनांत जमली. सहाव्या रचनेआधी मी ती मुद्दाम तोडली आणि तेथे पूर्ण शांतता ठेवली, कारण तेथून दुसरी बाजू सुरू होते.

बाजूंचा विचार तबकडीमुळे आला. हा अल्बम विनाइलवरही यावा अशी माझी इच्छा होती आणि त्या माध्यमाचे नियम आधी माहीत असतील तर मिक्सिंगच बदलते. ३३⅓ फेऱ्यांच्या बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण १८ ते २२ मिनिटे ठेवली तर आवाजाची पातळी चांगली राहते. माझ्या दोन्ही बाजू त्याच बेतात बसतात, पहिलीवर पाच छोट्या आणि दुसरीवर तीन मोठ्या रचना. तबकडीच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर सरकते, तर मध्याजवळ फक्त २१ सेंटीमीटर, म्हणून प्रत्येक बाजूची अखेरची रचना वरच्या पट्टीत सौम्य असावी लागते. पाचवी आणि आठवी या दोन्ही रचनांत हाय-हॅट कमी आणि लांब स्वर अधिक आहेत, ते याच कारणासाठी. डाव्या आणि उजव्या वाहिनीत वेगळा असलेला खर्ज खाचेला वरखाली हलवतो आणि सुई उडू शकते. म्हणून १२० हर्ट्झच्या खालचे सर्व मी मध्यावर एकत्र आणले. मास्टरिंग (अंतिम ध्वनिसंस्करण) करणाऱ्या अभियंत्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितले, “कोरस फक्त वरच्या स्वरांवर ठेवा, बेसवरचा काढून टाका, मग मला फारसे काही करावे लागणार नाही.” मी तसे केले आणि त्यांनी खरोखरच फार कमी केले.

आवाजाच्या पातळीविषयी आमची सविस्तर चर्चा झाली. बहुतेक स्ट्रीमिंग सेवा गाण्यांची सरासरी पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या पातळीच्या एककाच्या) आसपास आणून वाजवतात, त्यामुळे त्याहून खूप मोठे केलेले गाणे तेथे पुन्हा खाली आणले जाते आणि दाबून टाकलेले उठाव मात्र परत येत नाहीत. नृत्यगृहासाठीची गाणी सामान्यतः बरीच मोठी केलेली असतात. मी स्ट्रीमिंगची प्रत सुमारे उणे ११वर ठेवायला सांगितली आणि शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ दिले नाही. किकच्या पहिल्या काही मिलिसेकंदांची धार हीच ठेक्याची घडी बसवते. शिखरे दाबणाऱ्या लिमिटरने ती कापली असती तर स्विंगवर आणि स्वरांच्या लांबीवर घेतलेली सर्व मेहनत वाया गेली असती, म्हणून या बाबतीत मी तडजोड केली नाही.

प्रकाशनाचे कामकाज त्या मानाने सरळ होते. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला १२ अक्षरांचा आयएसआरसी क्रमांक आणि संपूर्ण अल्बमला एक बारकोड लागतो. एकाच रचनेची लांब आणि छोटी अशी दोन रूपे असतील तर दोघांना वेगळा आयएसआरसी द्यावा लागतो, आणि हे मास्टर फाइल तयार होत असतानाच नोंदवून ठेवले तर पुढे गोंधळ होत नाही. माझ्या बाबतीत हे महत्त्वाचे ठरले, कारण डीजेंसाठी दुसरी आणि सहावी या दोन रचनांची लांब रूपे मी वेगळी केली आहेत. त्यांत सुरुवातीची आणि अखेरची बत्तीस आवर्तने परत आली आहेत आणि सहावीत बेसलाइन अल्बमपेक्षा आठ आवर्तने उशिरा प्रवेश करते. ही दोन रूपे ४५ फेऱ्यांच्या बारा इंची तबकडीवर, प्रत्येक बाजूला एक अशी येतील. बाजूवर एकच रचना असल्याने खाचेला अधिक जागा मिळते आणि किक अल्बमच्या तबकडीहून मोठी ठेवता येते. तिची चाचणी प्रत ऐकून मंजूर केली आहे. सहावीच्या लांब रूपातील हाय-हॅट मात्र मी त्याआधी आणखी दोन टक्के स्विंगवर नेला होता, कारण मोठ्या ध्वनियंत्रणेवर ५४ टक्के सरळ वाटत होते.